जुनं जपणाऱ्याला काय द्यावं?

जुन्या वस्तू जमवणारा माणूस कुटुंबात असला की त्याच्या वाढदिवसाला किंवा साठीला नातेवाइकांची पंचाईत होते. शर्टपीस दिला तर तो कपाटात पडून राहतो. भिंतीवरचं घड्याळ द्यावं, तर त्याच्याकडे आधीच सात-आठ असतात आणि त्यातली निम्मी बंद असतात. मग कुणीतरी हमखास सुचवतं, "त्याला जुनं आवडतं ना? एखादी अँटिक वस्तूच देऊ या." सूचना प्रेमाची असली तरी सगळ्या भेटींमध्ये हीच निवड सर्वांत अवघड असते. ज्याने आयुष्याची वीस-तीस वर्षं एका विषयात घातली, त्याच्यासाठी त्याच विषयातली वस्तू आपण अर्ध्या तासात निवडायची, असा तो प्रकार असतो.

त्यापेक्षा सोपा आणि बहुतेक वेळा स्वस्त मार्ग वेगळा आहे. त्याच्याकडे जे आहे ते नीट पाहता यावं, ओळखता यावं, टिकावं आणि त्याची माहिती मागे राहावी, यासाठी लागणारं सामान द्यावं. वस्तू विकत घेताना संग्राहक खिशाकडे पाहत नाही, पण भिंग, डबे, कागद, नोंदवही यांवर खर्च करायची वेळ आली की 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो. भेट देणाऱ्याने नेमकी तीच जागा भरून काढावी.

जुनी वस्तूच का नको?

'जुन्या वस्तू जमवतो' हे बाहेरच्यांनी केलेलं वर्णन झालं. प्रत्यक्षात एकाला फक्त अडकित्ते हवे असतात, दुसऱ्याला जुनी कुलपं, तिसऱ्याला नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या. शिवराई जमवणाऱ्याचंच बघा. तांब्याच्या या नाण्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' ही अक्षरं असतात, एवढंच आपल्याला माहीत असतं. त्याला मात्र अक्षरांची वळणं, ओळींची मांडणी, ठिपके आणि चिन्हं यांवरून पडलेले असंख्य प्रकार खुणावत असतात. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान असल्यामुळे बहुतेक नाण्यांवर मजकूर अर्धवटच उमटलेला असतो. म्हणून त्याच प्रकारचं, पण जरा जास्त अक्षरं दिसणारं नाणं मिळावं यासाठी तो वर्षानुवर्षं थांबतो. अशा माणसाला आपण दिलेली शिवराई बहुधा त्याच्याकडे आधीच चार वेळा असते.

दुसरी अडचण बनावट मालाची. बाजारात 'ईस्ट इंडिया कंपनी' असं इंग्रजीत लिहिलेली आणि राम दरबार, हनुमान किंवा कमळ असलेली तांब्या-पितळेची नाणी सर्रास मिळतात. त्यांवर १८१८ किंवा त्याहूनही आधीचं साल असतं आणि 'हाफ आना' असं मूल्यही असतं. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. ही नंतरच्या काळात विक्रीसाठी बनवलेली टोकनं आहेत. यातल्याच काहींना 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून लाखोंच्या किमती सांगून लोकांना फसवल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. आपण हौसेने असं टोकन नेलं, तर समोरचा माणूस भिडेखातर 'वा, छान!' म्हणेल आणि ते मुलांच्या खेळण्यात टाकेल.

तिसरी अडचण कायद्याची आहे आणि तिच्याकडे भेट देणाऱ्यांचं लक्षच नसतं. १९७२चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा १९७६पासून लागू आहे. त्यानुसार किमान १०० वर्षं जुनी नाणी, मूर्ती, चित्रं, कारागिरीच्या वस्तू पुरावशेष ठरतात. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. दगडी व धातूच्या मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा काही वर्गांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे नोंदणी करावी लागते, आणि अशी वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली, मग ती विकलेली असो वा भेट दिलेली, तर तेही नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. गावातल्या पडक्या देवळातली मूर्ती किंवा वीरगळ 'कुणीतरी दिली' म्हणून भेट देणं ही तर सरळ अंगाशी येणारी गोष्ट आहे. शेतात नांगराला लागलेल्या नाण्यांचंही तसंच: जमिनीत दडलेल्या, १० रुपयांहून अधिक मोलाच्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची, असं १८७८चा निखात निधी कायदा सांगतो. हस्तिदंताच्या व्यापाराला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, त्यामुळे 'आजोबांच्या वेळची' म्हणून विकायला ठेवलेली हस्तिदंती डबी घेण्याचा मोह टाळावा. जुनी तलवार किंवा बंदूक घेण्याआधी शस्त्र कायदा पाहावा.

परदेशातल्या मराठी घरांना हा मुद्दा जास्त लागू पडतो. १०० वर्षांहून जुनी समई किंवा नाणी भारतातून न्यू जर्सीच्या मित्राला भेट म्हणून नेता येत नाहीत. पुरावशेषांची खासगी निर्यात बेकायदा आहे. वस्तू जुनी दिसते पण तितकी जुनी नाही, अशा वेळी पुरातत्त्व खात्याचं तसं प्रमाणपत्र जवळ ठेवावं लागतं. उलट दिशेने मात्र मार्ग मोकळा आहे. इकडच्या संग्राहकासाठी तिकडून येताना चांगलं भिंग, ग्रामोफोनच्या सुया, नाण्यांचे कॅटलॉग किंवा संग्रहालयीन दर्जाचा कागद आणला, तर त्याला हवं तेच मिळेल.

पाहण्याची आणि मोजण्याची साधनं

पहिली भेट भिंगाची. शाळेतल्या कंपासपेटीतलं भिंग चित्र मोठं करतं, पण कडेला ते वाकडं दाखवतं आणि रंगीत झालर सोडतं. जवाहिरे वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं, तीन काचा एकत्र बसवलेलं भिंग घेतलं तर हा दोष जवळजवळ जातो. त्याहून जास्त पटीचं भिंग घेण्याचा उत्साह नको. पट वाढली की दिसणारा भाग लहान होतो आणि हात जरा हलला तरी प्रतिमा पळते. सबंध नाणं एका नजरेत पाहायला पाचपटही पुरतं.

भिंगाच्या जोडीला वाकवता येणारा टेबललॅम्प द्यावा. झिजलेल्या नाण्यावर किंवा ताम्रपटावर उजेड वरून पडला की सगळं सपाट दिसतं. तोच उजेड अगदी तिरका, पृष्ठभागाला घासत जाणारा पडला की पुसट अक्षरांच्या सावल्या पडतात आणि वाचन सोपं होतं. अभ्यासक शिलालेखांवरही हीच युक्ती वापरतात.

नाणी जमवणाऱ्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा ही फार कामाची वस्तू आहे. कंपनीने १८३५ साली देशभर एकसारखी नाणी सुरू केली तेव्हा रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन, आजच्या भाषेत ११.६६ ग्रॅम ठरलं. त्यात चांदी ९१.७ टक्के होती, आणि हे प्रमाण १९४०पर्यंत टिकलं. वापराने झिजलेला रुपया थोडा हलका भरेल, पण राणीच्या छापाचा चकचकीत, कडक रुपया साडेनऊ ग्रॅम भरला तर प्रश्न विचारायलाच हवा. शेजारी एक छोटं लोहचुंबक असू द्यावं. चांदी आणि तांबं चुंबकाला चिकटत नाहीत. 'चांदीचा' रुपया चिकटला तर पुढची चर्चा संपते. व्यास आणि जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर घेताना प्लॅस्टिकच्या जबड्यांचा घ्यावा, म्हणजे नाण्यावर ओरखडे उठत नाहीत.

जुनी पत्रं, पोस्टर, छायाचित्रं जमवणाऱ्याला अतिनील टॉर्च द्यावा. साधारण १९५०नंतरच्या पांढऱ्या कागदात बऱ्याचदा उजळपणा आणणारी द्रव्यं घातलेली असतात आणि अंधारात या टॉर्चखाली तो कागद निळसर पांढरा चमकतो. १८५७ची म्हणून दाखवलेली कागदपत्रं अशी चमकू लागली तर ती कशी बनली असतील याचा अंदाज येतो. कागद चमकला नाही म्हणून तो अस्सल ठरतो असं मात्र नाही. जुन्या वह्यांचे कोरे कागद वापरणारे नक्कलकारही असतात. टॉर्चचा झोत डोळ्यांवर येऊ देऊ नये, हेही भेटीसोबत सांगावं.

पावसाळ्याशी गाठ

मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात संग्राहकाचा खरा वैरी चोर नसून जून ते सप्टेंबर हे चार महिने असतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की कागद, चामडं, कापड यांवर बुरशी धरू लागते. किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे राहणं ही नेहमीची गोष्ट आहे. लोखंड गंजतं, लाकूड फुगतं, तिकिटांचा गोंद ओलावा धरून एकमेकांना चिकटतो.

यावरची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी दिली जाणारी भेट म्हणजे आर्द्रतामापक. काही शे रुपयांत मिळणारी ही डबी कपाटात ठेवली की आत नक्की काय चाललंय ते कळतं. मिश्र संग्रहासाठी ४५ ते ५५ टक्के ही चांगली पातळी मानतात, पण आकड्यापेक्षाही स्थैर्य महत्त्वाचं. दिवसा एसी आणि रात्री बंद, अशा खोलीत लाकूड रोज आकसतं आणि फुगतं. त्यातून भेगा पडतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.

दुसरी भेट सिलिका जेलची. औषधाच्या बाटलीतली चिमूटभर पुडी इथे पुरत नाही. बंद डब्यात काही शे ग्रॅम लागतं. रंग बदलणारे दाणे घ्यावेत, म्हणजे ते कधी ओले झाले ते दिसतं. निळ्याचे गुलाबी होणारे दाणे जुन्या पद्धतीचे. त्यांत विषारी कोबाल्ट असतो. नारिंगीचे हिरवे होणारे दाणे बरे. ओले झालेले दाणे ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर काही तास तापवले की पुन्हा कामाला लागतात. यात एक पथ्य आहे: सिलिका जेल धातूला मानवतं, पण रंगवलेलं लाकूड, हस्तलिखित किंवा जुनं चामडं भरपूर जेलच्या बंद डब्यात फार कोरडं पडून तडकू शकतं. अशा वस्तूंच्या डब्यात मापकाकडे बघत बेताने जेल ठेवावं. डांबरगोळ्या ओलावा शोषत नाहीत. त्या किडीसाठी असतात आणि त्यांची वाफ माणसालाही अपायकारक असते.

ज्यांना मोठी भेट द्यायची आहे, चार भावंडांनी मिळून वगैरे, त्यांनी छायाचित्रकार कॅमेरे ठेवायला वापरतात तो विजेवर चालणारा ड्राय कॅबिनेट पाहावा. हवी ती आर्द्रता त्यात लावून ठेवता येते. तेवढं जमत नसेल तर पावडर कोटिंग केलेली साधी लोखंडी मांडणी द्यावी आणि ती लावूनही द्यावी: बाहेरच्या भिंतीला न चिकटवता, जमिनीपासून वीतभर उंच, खिडकीपासून दूर. संग्रहाचं नुकसान पुष्कळदा असल्या साध्या जागी होतं.

ठेवण्याचं सामान

नाण्यांचे अल्बम भेट देणारे बरेच असतात, पण अल्बमचं प्लॅस्टिक कोणतं हे पाहणारा विरळा. मऊ, लवचिक आणि नव्या रेनकोटसारखा वास येणारं प्लॅस्टिक बहुधा पीव्हीसी असतं. काही वर्षांत त्यातली मऊपणा आणणारी द्रव्यं बाहेर येतात, आम्ल तयार होतं आणि तांब्या-चांदीवर हिरवा चिकट थर बसतो. वीस वर्षं जपलेलं नाणं त्याच्या संरक्षक पाकिटानेच खाल्लं, असं घडतं. पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीनची पाकिटं घ्यावीत. पॉलिएस्टरचं पाकीट थोडं कडक आणि काचेसारखं स्वच्छ असतं.

कागदांच्या बाबतीत 'आम्लमुक्त' हा शब्द विचारून घ्यावा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणी चिंध्यांपासून बनलेल्या हातकागदावरचं अठराव्या शतकातलं पत्र आजही उलगडता येतं, आणि १९२०चं वर्तमानपत्र हात लावताच चुरा होतं. कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागद लाकडाच्या लगद्यापासून बनू लागला. त्यातलं लिग्निन आणि तुरटी-राळेची प्रक्रिया यांनी आम्ल वाढतं आणि कागदाचे तंतू तुटत जातात. हे आम्ल शेजारच्या कागदातही उतरतं; म्हणून जुनं पत्र वर्तमानपत्रात गुंडाळणं किंवा साध्या खाकी पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये ठेवणं वाईट. आम्लमुक्त फोल्डर, पेट्या आणि टिश्यू कागद ही दस्तऐवज जमवणाऱ्यासाठी उत्तम भेट. सेलोटेप मात्र त्याच्या घरात शिरू देऊ नका. त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग तो काढणं तज्ज्ञालाही जड जातं.

तिकिटं जमवणाऱ्याला चपट्या, गुळगुळीत टोकांचा चिमटा आणि चांगलं स्टॉकबुक द्यावं. बोटांचा घाम गोंदाला लागू नये म्हणून तिकीट चिमट्यानेच उचलतात. कडेची छिद्रं मोजायची पट्टी ही छोटीशी वस्तूही त्याच्या कामाची; एकाच चित्राची दोन तिकिटं केवळ छिद्रांच्या संख्येवरून वेगळी ठरतात आणि किमतीही बदलतात.

जुन्या पैठण्या, शेले, अंगरखे जमवणाऱ्या मावशी-आत्यांसाठी खळ काढून धुतलेली बिनरंगी मलमल आणि जाड पुठ्ठ्याच्या नळ्या द्याव्यात. घडीवर वर्षानुवर्षं ठेवलेली जर नेमकी घडीच्या रेषेवर तुटते. नळीवर आधी आम्लमुक्त कागद, मग साडी, वर मलमल, असं गुंडाळलं की ती रेषाच पडत नाही. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं जुनं वस्त्र किंवा जलरंगातलं चित्र ५० लक्सपेक्षा जास्त उजेडात ठेवू नये, असा संग्रहालयांचा संकेत आहे. उन्हाच्या खोलीत ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते, म्हणून खिडकीला जाड पडदा किंवा अतिनील किरण अडवणारी फिल्म लावून देणं हीही भेट होऊ शकते.

ग्रामोफोनवाल्यासाठी भेट सर्वांत सोपी: पोलादी सुयांच्या डब्या. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू वाजली की सुई बदलायची असते. तबकडीत मिसळलेली कठीण भुकटी सुईचं टोक झिजवते आणि झिजलेली सुई दुसऱ्या बाजूच्या खाचा खरवडते. कितीही सुया दिल्या तरी त्या संपतातच. सोबत तबकड्यांसाठी कागदी पाकिटं द्यावीत आणि त्या उभ्या ठेवायला मांडणी. स्वच्छतेसाठी स्पिरिट मात्र देऊ नये. या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. बैठकीतल्या खुर्चीला फ्रेंच पॉलिश होतं ते याच गुणामुळे.

पॉलिशचा डबा घरीच ठेवा

चांगल्या मनाने दिलेली सर्वांत घातक भेट म्हणजे चकाकी आणणारं पॉलिश. रोजच्या पूजेची समई चिंचेने घासली तर काही बिघडत नाही. पण जुन्या तांब्याच्या नाण्यावरचा तपकिरी किंवा हिरवट राप हा त्याच्या वयाचा पुरावा असतो आणि तोच आतल्या धातूचं रक्षणही करतो. घासून चमकवलेलं नाणं जाणकाराच्या लेखी कायमचं उतरतं. पुन्हा राप यायला पिढ्या लागतात. पितळी डब्यांवरचं कोरीवकाम, बिदरीचा काळा रंग, लाकडावरचं मूळ रोगण यांनाही हाच नियम लागू आहे.

त्याऐवजी मऊ ब्रश, धुतलेले सुती फडके आणि सूक्ष्मस्फटिकी मेणाचा छोटा डबा द्यावा. हे मेण गेल्या शतकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि आज जगभर वापरलं जातं. लोखंडी कुलपावर, पितळी अडकित्त्यावर त्याचा पातळ हात दिला की दमट हवा धातूपर्यंत पोचत नाही, आणि गरज पडली तर ते काढूनही टाकता येतं. धातू हाताळायला नायट्राइलचे हातमोजे द्यावेत, कारण घामातल्या क्षारांचे ठसे चांदी-पितळेवर कायमचे उमटतात. जुनी पोथी हाताळताना मात्र हातमोजे नकोत. सुती मोज्यांत बोटांना पानाची जाडी कळत नाही आणि कडा फाटतात. स्वच्छ धुतलेले कोरडे हातच बरे.

ज्ञानाची भेट

जाणता संग्राहक एखादी वस्तू घेण्याआधी त्या विषयावरची चार पुस्तकं घेतो. मराठ्यांच्या नाण्यांचा अभ्यास करणाऱ्याकडे के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं १९८९चं मराठा टांकसाळी व नाण्यांवरचं इंग्रजी पुस्तक नसेल, तर जुनी प्रत शोधून द्यावी. ग्रामोफोनवाल्याला मायकेल किनिअरचं भारतातल्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांवरचं पुस्तक. जुन्या बाडांत डोकं घालणाऱ्याला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, आणि त्यातले शब्द जुन्या कागदांच्या जवळच्या काळातले असल्याने आधुनिक कोशांत न सापडणारे कितीतरी अर्थ तिथे मिळतात. घरातल्या भांड्यांपासून व्रतवैकल्यांपर्यंत सगळ्यात रस असलेल्याला महादेवशास्त्री जोशींचा दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश.

ज्याच्याकडे जुनी कागदपत्रं आहेत आणि मोडी येत नाही, त्याच्यासाठी मोडी वर्गाची फी भरणं ही फार मोठी भेट आहे. पुण्या-मुंबईत आणि इतर शहरांतही असे वर्ग चालतात. ज्याला आपण 'पेशवेकालीन दस्त' म्हणून फ्रेम करून लावलंय, ती बैलजोडीच्या उसनवारीची चिठ्ठी निघेल किंवा एखाद्या गावच्या पाटीलकीचा वाद निघेल. दोन्हींत इतिहास आहे, पण तो वाचता आल्याशिवाय कळत नाही.

सहल हीदेखील भेटच. नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था १९८०पासून आहे आणि तिथलं नाण्यांचं संग्रहालय नाण्यांच्या छंदिष्टाने पाहायलाच हवं. गोव्यात बाणावलीचं गोवा चित्र हे संग्रहालय शेतीची अवजारं आणि घरगुती वस्तूंनी भरलेलं आहे. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, आणि त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर वेगळाच बाजार लागतो. संग्राहकाबरोबर तिथे जाताना आपण फक्त गाडी चालवावी, चहा पाजावा आणि तो घासाघीस करत असताना 'कशाला घेता हो हे?' असं म्हणू नये.

कारागिराचा हात

कधी कधी नव्या वस्तूपेक्षा जुन्याची दुरुस्ती जास्त सुखावते. बंद पडलेल्या लंबकाच्या घड्याळाचं यंत्र उघडून, जुनं घट्ट झालेलं तेल काढून, घड्याळाचंच तेल घालून देणारा कारागीर गाठून द्यावा. खोबरेल आणि शिलाईयंत्राचं तेल यांनी घड्याळ चार दिवस चालतं आणि मग चिकटतं. किल्ली हरवली असेल तर घड्याळातल्या चौकोनी दांड्याचं माप घेऊन नवी करून द्यावी. चित्र किंवा हस्तलिखित खराब होत असेल तर प्रशिक्षित संवर्धकाला दाखवायचा खर्च आपण उचलावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धनाचं केंद्र आहे. कुणाकडेही काम देताना तीन गोष्टी आधी ठरवाव्यात: आधीची आणि नंतरची छायाचित्रं, वापरलेल्या द्रव्यांची लेखी नोंद, आणि केलेलं काम पुढे कधी उलटवता येईल अशीच पद्धत. फ्रेम करून देताना चित्र फ्रेमच्या काचेला टेकू न देणारी, आम्लमुक्त पुठ्ठ्याची पद्धत मागावी.

यांतलं काय द्यावं हे ठरवायला गुप्तहेर व्हावं लागत नाही. त्याच्या कपाटाचा एक फोटो घरच्यांकडून मागवा. वस्तू कोणत्या आहेत, त्या कशात ठेवल्या आहेत आणि भिंतीवर ओल दिसते का, एवढं पाहिलं की अर्धी यादी तयार होते. उरलेली त्याच्या तक्रारींत सापडते: "अक्षर लागत नाही", "जागाच नाही", "बुरशी आली", "कुठून आणलं तेच आठवत नाही".

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची

या शेवटच्या तक्रारीवरची भेट म्हणजे नोंदवही. मोठं, बांधणीचं रजिस्टर आणा. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, माप, वजन, साहित्य, कुठून व कधी घेतली, किती किमतीला, आणि तिच्यावरच्या ठळक खुणा, असे रकाने आखा. एखाद्या रविवारी त्याच्याबरोबर बसून पहिल्या पंचवीस नोंदी तुम्हीच लिहा आणि शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढा. छाप, डाग, पोचा, चीर अशा खुणांचे फोटो वेगळे घ्या. चोरीला गेलेल्या कलावस्तूंच्या शोधासाठी जगभर वापरली जाणारी 'ऑब्जेक्ट आयडी' ही पद्धतही नेमकी हीच माहिती मागते. कागदी वस्तूंवर क्रमांक लिहायचा तर मऊ शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात, शाईने नाही.

जुनी वस्तूच देण्याची इच्छा राहिली असेल तर ती इथे पूर्ण होते. बाजारातली नको, आपल्या घरातली द्या, आणि तिची हकिगत लिहून द्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या सुमारे २०,००० वस्तूंत राजेरजवाड्यांच्या चिजांबरोबर दिवे, अडकित्ते, अंग घासायच्या वज्र्या, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी आहेत. दिनकर गंगाधर केळकरांनी दशकानुदशकं घरोघर फिरून त्या जमवल्या आणि १९७५ साली संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. घरगुती वस्तूचं मोल असं तिच्या वापरात असतं. 'पितळी पानाचा डबा, साधारण १९३५, आजीच्या माहेरचा, मिरजेत घेतला, बाळंतपणाला आलेल्या लेकींसाठी यात विडे भरले जायचे' अशी एक चिठ्ठी सोबत असली, की डबा तोच राहतो आणि त्याची माहिती दुकानात न मिळणारी होते. कोणत्या वर्षाची वस्तू, हे नक्की ठाऊक नसेल तर 'अंदाजे' लिहा. खोटी खात्री पुढच्या माणसाला चुकवते.

नोंदवहीत आणखी एक रकाना ठेवा: ही वस्तू पुढे कुणाकडे जावी. हा प्रश्न विचारायला घरातले लोक कचरतात, म्हणून तो रकान्याने विचारलेला बरा. कारण संग्राहक गेल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मुलांना कोणती वस्तू मौल्यवान आणि कोणती नुसती जुनी हे कळत नाही, फ्लॅट रिकामा करायची घाई असते, आणि पितळ किलोच्या भावाने जातं. ज्या घरात क्रमांक घातलेल्या वस्तू आणि भरलेली नोंदवही असते, तिथे निदान निवड करता येते: एखादी वस्तू संग्रहालयाला, एखादी दुसऱ्या संग्राहकाला, एखादी नातीला. तेव्हा भिंग घ्या, सिलिका जेल घ्या, सुयांच्या डब्या घ्या. पण रजिस्टर त्यांच्या आधी घ्या, आणि ते भरायला बसण्याचा दिवस भेटीच्या कार्डावरच लिहून द्या.